नागा घरातील काष्ठपात्रे

नागा टेकड्यांविषयी वसाहतकाळात जे लेखन झाले, त्याचे लक्ष प्रामुख्याने भाले, दाव आणि शिरच्छेदाची प्रथा यांवर खिळलेले होते. स्वयंपाकघरातील लाकडी वस्तू त्यात आल्या त्या ओघाओघाने. तरीही त्या आल्या, हे महत्त्वाचे. जे. एच. हटन यांचा अंगामी नागांवरील ग्रंथ १९२१ साली प्रसिद्ध झाला, जे. पी. मिल्स यांनी १९२२ मध्ये ल्होटा आणि १९२६ मध्ये आओ नागांविषयी लिहिले. दोघेही प्रशासकीय अधिकारी. हटन यांनी वर्णिलेल्या अंगामी घरात पुढच्या दालनात भाताच्या कणग्या आणि कांडणाचा लाकडी बाक, मधल्या दालनात चूल आणि मागे तांदळाच्या मद्याचे पात्र, अशी मांडणी आढळते. घरात शिरणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडे ते कांडणाचे लाकूड.

‘उखळ’ म्हटले की मराठी वाचकाला जमिनीत पुरलेला दगड आठवतो. नागांचे उखळ हे निराळेच प्रकरण आहे. जाड खोडातून एकसंध कोरलेले, लांबट मेजासारखे, आणि त्याच्या पाठीवर ओळीने खळगे. एका खळग्यावर दोघीजणी आळीपाळीने मुसळ टाकीत. शेजारच्या खळग्यांवर आणखी काहीजणी. भात सालीसकट साठवायचे आणि लागेल तसे कांडायचे, अशी रीत असल्याने या कामाला खंड नसे. खोड तोडणे, कोरणे हे पुरुषांचे काम, कांडण स्त्रियांचे. लाकडावर नक्षी असेल तर ती पुरुषाच्या हातची, खळग्यांची झीज मात्र सर्वस्वी स्त्रियांची. अभ्यासकांनी नक्षीचे पुष्कळ वर्णन केले. झिजेकडे फारसे कोणी पाहिले नाही.

थाळ्यांचे कौशल्य वेगळ्या जातीचे. पाय असलेली थाळीसुद्धा एकाच ठोकळ्यातून काढलेली असे. सांधा नाही, खिळा नाही. हत्यारे मोजकीच, त्यांत दाव मुख्य. एकच दाव जंगल तोडी, मांस कापी आणि लाकूडही घडवी. पुढे चुलीच्या धुराने ही भांडी काळवंडत; संग्रहालयांतील जुन्या थाळ्यांचा काळसर रंग बव्हंशी या धुराचा आहे.

मिथुनाच्या शिराची आकृती कोरण्याचा अधिकार अनेक जमातींत प्रतिष्ठाभोजने घालणाऱ्यालाच असे. आओ प्रदेशात ई. डब्ल्यू. क्लार्क हे बाप्टिस्ट मिशनरी १८७२ साली पोहोचले. पुढे धर्मांतरितांना तांदळाचे मद्य आणि ही भोजने दोन्ही वर्ज्य ठरली. त्याबरोबर मद्याच्या पात्रांचे प्रयोजन आणि नक्षीचा अधिकार दोन्ही लयाला जाऊ लागले. मिल्स यांनी या धोरणावर टीका केली आहे, जरी ती टीका राज्यकर्त्याच्या आसनावरून झालेली असली तरी. कांडणाचे मेज मात्र धर्मांतरातून सहीसलामत सुटले, कारण भात ख्रिस्ती घरातही शिजतच होता. त्याला हटवले ते भाताच्या गिरणीने.

लाकडाचा इतिहास जळतो, ही याहून मोठी अडचण. १९४४ च्या लढाईत कोहिमा गाव उद्ध्वस्त झाले. १९५० च्या दशकापासूनच्या सशस्त्र संघर्षात गावे आणि धान्याची कोठारे जाळली गेली. तेमसुला आओ यांच्या २००६ सालच्या कथासंग्रहाला याच काळाची पार्श्वभूमी आहे. उलट, ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात हटन-मिल्स यांनी धाडलेल्या वस्तू शाबूत आहेत. तेथील अभिरक्षक हेन्री बाल्फर स्वतः १९२२ मध्ये नागा टेकड्यांत फिरून गेले होते. अशा संग्रहांत वस्तू देणाऱ्या साहेबाचे नाव मिळते. ती कोरणाऱ्याचे क्वचितच.

व्हेरियर एल्विन यांनी १९६१ मध्ये नागालँडवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेव्हा राज्याची स्थापना दोन वर्षे दूर होती. २००० साली सुरू झालेल्या, किसामा येथे भरणाऱ्या हॉर्नबिल महोत्सवात कोरीव थाळ्या विकत मिळतात. त्यांपैकी पुष्कळशा भिंतीवर टांगल्या जातात. मिरची कुटण्याचा लहान लाकडी खल मात्र अद्याप चुलीजवळच आहे.