लखनौची सोझख्वानी

आपल्याकडे मोहरम म्हटला की कानांत प्रथम हलगी वाजू लागते. गावोगावी ताबुतांपुढे ताशे असतात, वाघाचे सोंग घेतलेला गडी नाचत असतो, आणि पंजे उचलण्याचा मान कित्येक ठिकाणी हिंदू घराण्यांकडेही असतो. माझे बालपण असल्या मोहरमात गेले. त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने लखनौस आलो आणि शहराच्या दक्षिणेस, रायबरेलीच्या रस्त्यावरील तेलीबाग या वस्तीत बिऱ्हाड थाटले, तेव्हा पहिल्याच मोहरमात शेजारच्या घरातून जे ऐकू आले त्याने मी चकित झालो. तबला नाही, पेटी नाही, साधा तंबोराही नाही. दोघांनी नुसत्या गळ्याने षड्ज धरून ठेवलेला, आणि त्यावर एक वृद्ध आवाज भैरवीचे कोमल स्वर अतिशय सावकाश उलगडीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी भेट झाली, तेव्हा मी मोठ्या आदराने म्हटले, "मीरसाहेब, काल आपण फार सुंदर गायिलात." सेवानिवृत्त, मृदुभाषी गृहस्थ, पण त्यांचा चेहरा किंचित उतरला. ते म्हणाले, "गायिलो नाही, भाईसाहेब. पढलो."

श्रोतेहो, या एका क्रियापदामागे लखनौचा मोठा इतिहास उभा आहे. शिया धर्मशास्त्राला करमणुकीचे गाणेबजावणे संमत नाही. मग शोकाच्या बैठकीत तर त्याचे नावही काढावयास नको. इ. स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानावर इमाम हुसेन आणि त्यांचे सोबती मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या सभेस मजलिस म्हणतात. मिरवणुकीत ढोल-ताशे असतील, मजलिशीत मात्र वाद्यास प्रवेश नाही. आरंभी सोझ, मग सलाम, मग मर्सिया, त्यानंतर प्रवचन आणि अखेरीस छाती पिटून विलाप, असा हा क्रम. सोझ या फारसी शब्दाचा अर्थ दाह. सोझ पढणारा मध्ये बसतो. त्याच्या दोन्ही अंगांना साथीदार असतात, त्यांना बाजू म्हणतात आणि ते जो अखंड स्वर धरतात त्याला आस. म्हणजे जो तंबोरा दाराबाहेर ठेवला, तोच माणसाच्या कंठातून आत आला. वाद्य निषिद्ध ठरले, स्वर निषिद्ध ठरला नाही. आणि त्या स्वराला संगीत न म्हणण्याचा संकेत सर्वांनी निष्ठेने पाळला. यात कोणाला ढोंग वाटेल. मला प्रथम तसे थोडे वाटलेही होते. आज तसे वाटत नाही.

नबाब असफउद्दौला याने १७७५ मध्ये राजधानी फैजाबादेहून लखनौस आणली. १७८४ च्या दुष्काळात त्याने मोठ्या इमामवाड्याचे काम काढले, आणि शोकाची ही संस्था राज्याच्या आश्रयाने वाढीस लागली. पुढे मीर अनीस आणि मिर्झा दबीर यांनी मर्सियाला काव्याच्या शिखरावर नेले. ते मात्र मर्सिया स्वरांत पढत नसत. शब्दोच्चार आणि हावभाव यांवरच सभा हेलावून सोडीत. स्वरांचा वारसा चालला तो सोझख्वानांकडून. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौवर जे ग्रंथरूप लेखन केले आहे, त्यात या परंपरेतील नावे येतात : हैदरी खाँ या गवयाकडून ही विद्या सय्यद मीर अली यांच्याकडे गेली, आणि मीर अलींनी ती खानदानी घरांत प्रतिष्ठित केली. गवयाची विद्या सय्यदाच्या कंठात गेली, ती 'पढणे' या शब्दाचे वस्त्र पांघरूनच. एरवी कुलीन माणसाने राग शिकावयास बसणे त्या काळी हलकेपणाचे मानले गेले असते.

शरर आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सोझ स्त्रियांपर्यंत पोहोचले. मोहरमच्या रात्री लखनौच्या गल्लीबोळांतून हिंडावे, तो पडद्याआडून स्त्रियांचे करुण स्वर कानी यावेत. ज्या घरांत मुलीने गुणगुणणेही खपत नव्हते, तेथे वर्षाकाठी दोन महिने आठ दिवस, म्हणजे लखनौच्या शोककाळापुरते, रागांना उजळ माथ्याने वावरता येई. चौकातील तवायफाही या दिवसांत दागिने उतरीत, सारंगीला गवसणी घालीत आणि सोझ पढीत. मिर्झा रुसवा यांच्या १८९९ च्या कादंबरीतील उमराव जान आपल्या सोझख्वानीचा अभिमान सांगते, तो उगाच नव्हे.

१८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि वाजिद अली शाह कलकत्त्यास गेला. दरबारच्या आश्रयावर जगणारी कला पोरकी झाली. गवई, नर्तक, वादक पांगले. सोझ मात्र टिकले. त्याला ना बिदागी लागत होती, ना साथसंगत. एक सतरंजी आणि दोन जिवाभावाचे गळे असले की पुरे. कमी साधनांवर उभी असलेली गोष्ट पडझडीत सहसा शेवटी कोसळते. पुढे १९५२ मध्ये जमीनदारी गेली आणि तालुकदारांच्या इमामवाड्यांना ओहोटी लागली. तरी घरोघरच्या मजलिशी चालूच राहिल्या.

हे केवळ लखनौतच घडले असे नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात आमिश नावाचा एक ख्रिस्ती शेतकरी पंथ आहे. अजूनही घोड्याच्या गाडीतून हिंडणारा. त्यांच्या उपासनेत वाद्य नाही. त्यांच्या स्तोत्रसंग्रहाचा गाभा १५३५ नंतर पासाऊच्या किल्ल्यात कैदेत पडलेल्या त्यांच्या धर्मपूर्वजांनी रचला आणि तो १५६४ मध्ये प्रथम छापला गेला. हुतात्म्यांचेच काव्य तेही. त्यात शब्द छापलेले आहेत, स्वर नाहीत. चाल अमुक गाण्याची, एवढीच सूचना. या चालींपैकी कित्येक त्या काळच्या साध्या लोकगीतांच्या. पिढ्यान् पिढ्या त्या इतक्या संथ झाल्या की चार कडव्यांच्या एका स्तोत्रास आता सुमारे वीस मिनिटे लागतात. बाप्तिस्मा घेण्यापूर्वी काही तरुण मुले गिटार घेऊन ग्रामीण ढंगाची गाणीही म्हणतात, तोंडाने वाजवायचा बाजा तर पुष्कळ घरांत चालतो. पण रविवारच्या उपासनेत केवळ कंठ. १९४२ मध्ये जोसेफ योडर यांनी या चाली स्वरलिपीत छापल्या. तरी उपासनेत त्या आजही ऐकूनच शिकल्या जातात.

योडर यांचे नाव वाचले तेव्हा मला साहजिकच आपले भातखंडे आठवले. मुंबईची वकिली सोडून हा महाराष्ट्रीय पंडित बंदिशी लिहून घेत भारतभर हिंडला, आणि त्यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये याच लखनौत संगीत महाविद्यालय उघडले. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी वर्षानुवर्षे ते सांभाळले. त्याच अभिमानाच्या भरात मी एकदा वही-पेन्सिल घेऊन मीरसाहेबांकडे गेलो आणि एक सोझ लिहून घेण्याची परवानगी मागितली. त्यांनी आनंदाने दिली. चार वेळा पढूनही दाखविले.

माझी अडचण पहिल्याच ओळीत सुरू झाली. भातखंड्यांच्या लिपीत बंदीश तालाच्या मात्रांवर मांडावयाची असते, आणि येथे ताल नव्हताच. गंधारावर ते किती थांबले, हे दर वेळी निराळे. कोठे श्वास तुटे, कोठे एखाद्या शब्दापाशी आवाजच फुटे. त्या फुटण्याला कोणते चिन्ह द्यावे? खोडून खोडून मी अखेर नुसते स्वर लिहिले आणि पेटीवर वाजवून दाखवावे म्हणून त्यांना आमच्या घरी बोलाविले. मीरसाहेब आले, चहा घेतला, सबंध ऐकले. म्हणाले, "स्वर सारे बरोबर आहेत." मग पेटीकडे पाहून थोडे हसले आणि पुढे म्हणाले, "पण हे गाणे झाले, भाईसाहेब."

पुढच्या मोहरमात त्यांच्या एका साथीदाराची प्रकृती बिघडली. संध्याकाळी त्यांचा नातू दाराशी आला आणि मला आस धरता येईल का, असे आजोबांनी विचारले आहे, म्हणाला. मी वही घरीच ठेवली आणि त्याच्याबरोबर गेलो.