तीन विद्यापीठे आणि एक मैदान

रायपूरहून पश्चिमेस निघालेला ग्रेट ईस्टर्न रोड आमानाका ओलांडण्याच्या सुमारास क्रीडेच्या बाबतीत फार श्रीमंत होतो. एका बाजूस सायन्स कॉलेज आणि त्याचे विस्तीर्ण मैदान, त्याला लागूनच सरदार वल्लभभाई पटेल आंतरराष्ट्रीय हॉकी स्टेडियम, थोडे पुढे पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आणि त्याच्या शेजारी स्वामी विवेकानंदांच्या नावाचे अॅथलेटिक्सचे स्टेडियम. इतकी क्रीडांगणे इतक्या थोड्या अंतरात असलेली शहरे भारतात फारशी नसावीत. परंतु हा लेख या स्टेडियमांविषयी नाही. स्टेडियम बांधणे हे शासनाला जमणारे काम आहे. निविदा निघते, खांब उभे राहतात, उद्‍घाटनाची कोनशिला बसते. त्या मैदानावर खेळणारा मुलगा कोठून येतो, त्याला कोण सांभाळते आणि प्रशासनाच्या निर्णयांचा त्याच्यावर काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र फायलीत क्वचितच उमटतो. छत्तीसगडच्या या जुन्या विद्यापीठाचा इतिहास त्या दृष्टीने वाचण्याजोगा आहे.

आपण मराठी वाचक रायपूरला परका मुलुख समजतो, ते काही खरे नाही. बिंबाजी भोसले रतनपुरास येऊन राहिले तेव्हापासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापासून, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगड भोसल्यांकडे होते. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात रायपूर आणि अमरावती नांदली. १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ हे रायपूरचेही विद्यापीठ होते. १९३८ साली रायपुरात छत्तीसगड महाविद्यालय निघाले, ते नागपूरशी संलग्न होऊन. त्यामागे ठाकूर प्यारेलाल सिंह यांचा पुढाकार होता. राजनांदगावच्या कापड गिरणीतील कामगारांचा १९२० चा संप ज्यांनी चालविला, तेच हे गृहस्थ. पुढे ही महाविद्यालये सागर विद्यापीठाकडे गेली. अखेर १ मे १९६४ रोजी रायपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. जुन्या प्रांताचे मुख्यमंत्री व १९५६ च्या मध्यप्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांचे नाव त्यास देण्यात आले आणि भाषाशास्त्रज्ञ डॉ. बाबूराम सक्सेना पहिले कुलगुरू झाले.

आरंभी या विद्यापीठाकडे ३४ महाविद्यालये होती. आकडा लहान वाटतो, पण मुलुख अवाढव्य होता. उत्तरेस सरगुजा, दक्षिणेस बस्तर, म्हणजे आजचे संपूर्ण छत्तीसगड राज्य. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, जी विद्यापीठाच्या बाहेरच्या माणसांस सहसा ठाऊक नसते. विद्यापीठाचा संघ हा विद्यापीठाच्या आवारातून तयार होत नाही. आवारात असतात पदव्युत्तर विभाग, आणि तेथे शिकणारा विद्यार्थी बहुधा पुस्तकात बुडालेला असतो. संघ तयार होतो तो संलग्न महाविद्यालयांतून. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यांतून निवड, मग विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, असा तो क्रम आहे. म्हणजे विद्यापीठाची क्रीडाशक्ती त्याच्या कार्यक्षेत्राच्या नकाशावर अवलंबून. नकाशा बदलला की संघ बदलला.

आणि रायपूरचा नकाशा पुनःपुन्हा बदलला. १९८३ मध्ये बिलासपूरला गुरु घासीदास विद्यापीठ स्थापन झाले आणि बिलासपूर, रायगड, सरगुजा हा सारा उत्तर भाग तिकडे गेला. २००८ मध्ये जगदलपूरला बस्तर विद्यापीठ निघाले. २०१५ मध्ये दुर्गला विद्यापीठ झाले आणि दुर्ग, राजनांदगाव, कबीरधाम, बालोद, बेमेतरा हे पाच जिल्हे त्याच्याकडे गेले. यांपैकी प्रत्येक निर्णय शैक्षणिकदृष्ट्या समर्थनीय होता. जगदलपूरच्या विद्यार्थ्याने गुणपत्रिकेतील एका चुकीसाठी तीनशे किलोमीटर रायपूरला यावे, हे कोणालाही मान्य होणार नाही. अशा प्रस्तावांच्या टिपणींत अंतर, विद्यार्थिसंख्या, परीक्षा-केंद्रे, वेतनाचा भार यांचा सविस्तर विचार असतो. खेळाडूंचा रकाना नसतो.

तो रकाना असता तर त्यात काय भरले गेले असते? दुर्ग विभाग गेला तेव्हा भिलाई गेली. पोलाद कारखान्याच्या आश्रयाने वाढलेले महिलांचे बास्केटबॉल हा छत्तीसगडचा अभिमानाचा विषय आहे. दुर्ग शहर गेले, जेथील सबा अंजुम २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघात होती, पुढे भारताची कर्णधार झाली आणि २०१५ मध्येच पद्मश्रीने सन्मानित झाली. आणि राजनांदगाव गेले. रायपूर विद्यापीठाच्या दृष्टीने हे शेवटचे नुकसान मला सर्वांत मोठे वाटते.

राजनांदगाव रायपूरपासून सुमारे सत्तर किलोमीटर, त्याच ग्रेट ईस्टर्न रोडवर. संस्थानी काळात येथे बैरागी महंतांचे राज्य होते. आरंभीच्या काळात गादी पुत्राकडे न जाता शिष्याकडे जात असे. मठाची शिस्त आणि राज्याचा कारभार एकाच हाती असलेले असे संस्थान विरळाच. या गावाला हॉकीचे वेड नेमके कोणी लावले, याचे श्रेय एका माणसास देणे कठीण आहे. संस्थान होते, गिरणी होती, बंगाल-नागपूर रेल्वे होती. याच रेल्वेमार्गावरील बिलासपुरात लेस्ली क्लॉडियसचा १९२७ मध्ये जन्म झाला, ज्याने ऑलिंपिक हॉकीत तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळविले. पण राजनांदगावात संस्थान विलीन झाले, गिरणी बंद पडली, तरी हॉकी टिकली. महंत राजा सर्वेश्वरदास यांच्या स्मरणार्थ भरणारी अखिल भारतीय हॉकी स्पर्धा राजा गेला तरी गावाने सोडली नाही. ज्या गावात देशभरातील नामांकित संघ दरवर्षी खेळून जातात, तेथील पोराला खेळ शिकवावा लागत नाही. तो कुंपणाला लागून उभे राहून शिकतो. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय महिला हॉकी संघात याच गावची रेणुका यादव होती. भारतीय महिला संघ त्या वेळी ३६ वर्षांनी ऑलिंपिकमध्ये उतरला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निवडीचे मोल कळेल.

याच गावचे दिग्विजय महाविद्यालय १९५७ मध्ये सुरू झाले, ते राजा दिग्विजयदास यांनी दिलेल्या राजवाड्यात. तळ्याकाठचा तो वाडा आपल्या वाचकांस वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. मातृभाषा मराठी असून हिंदीत युगप्रवर्तक कविता लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून येथे अध्यापक होते आणि राहावयासही त्याच वाड्यात होते. शरच्चंद्र मुक्तिबोधांचे हे थोरले बंधू. १९६४ च्या मे महिन्यात रायपूरचे विद्यापीठ जन्मले आणि सप्टेंबरात मुक्तिबोध गेले. हे विषयांतर झाले खरे, पण राजनांदगावचे नाव घेऊन मुक्तिबोधांना वगळणे मला जमले नाही.

सांगावयाचा मुद्दा असा. हे महाविद्यालय आपल्या जागेवरून तसूभरही हलले नाही, परंतु त्याने तीन विद्यापीठे पाहिली. स्थापनेच्या वेळी सागर, १९६४ पासून रायपूर, २०१५ पासून दुर्ग. पदवीच्या कागदावरील मुद्रा दोनदा बदलली. हॉकीचे मैदान, स्पर्धेची समिती, वर्गणी देणारा व्यापारी आणि सामना पाहावयास येणारा प्रेक्षक मात्र तोच. विद्यापीठाने गावाला हॉकी दिली नाही. गावाने आपली हॉकी तीन विद्यापीठांना आळीपाळीने उसनी दिली.

हेच सूत्र आपल्या अमरावतीत अधिक ठळक दिसते. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी तेथे हनुमान आखाडा काढला, तेव्हा वऱ्हाडात विद्यापीठ ही कल्पनाही दूर होती. त्या आखाड्याचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९२४ पासून मंडळाने उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकांसाठी व्यायामाचे वर्ग सुरू केले. ही युक्ती प्रशासकीयदृष्ट्या अत्यंत चतुर होती. सुटीत शिक्षक मोकळा असतो, त्याच्या रजेचा प्रश्न येत नाही, आणि जूनमध्ये तो आपल्या शाळेत परतला की एक आखाडा आपोआप निघतो. हुतात्मा राजगुरू याच संस्थेत व्यायामाचे शिक्षण घेऊन गेले होते. १९३६ मध्ये डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत गेले आणि तेथे कबड्डी, मल्लखांब, लेझीम यांची प्रात्यक्षिके करून आले. १९६७ मध्ये शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय झाले. अमरावती विद्यापीठ स्थापन झाले ते १ मे १९८३ रोजी, म्हणजे आखाड्यानंतर ६९ वर्षांनी. नव्या विद्यापीठास क्रीडापरंपरा तयार मिळाली.

रायपूर शहरात असे घडले नाही. याचा अर्थ रायपूरकर दातृत्वात कमी पडले असा नव्हे. दूधाधारी मठाचे महंत वैष्णवदास यांच्या देणगीतून तेथे महिला महाविद्यालय उभे राहिले, ते १९५८ साली, जेव्हा मुलींच्या महाविद्यालयासाठी दान मागणे सोपे नव्हते. दान वर्गखोल्यांकडे गेले. मैदान ही शासनाची बाब मानली गेली, आणि राजधानी झाल्यावर तर ती पूर्णतः शासनाची झाली. शासनाने काम उत्तम केले, यात शंका नाही. २०१५ मध्ये त्या हॉकी स्टेडियममध्ये जागतिक हॉकी लीगची अंतिम फेरी झाली. भारताने नेदरलँड्सला हरवून कांस्यपदक मिळविले आणि रायपूरकरांनी स्टेडियम दणाणून सोडले. शेजारच्या सायन्स कॉलेजच्या मैदानावर राज्योत्सव झाले, २०१९ पासून राष्ट्रीय आदिवासी नृत्य महोत्सव झाले. तेही आवश्यकच. पण मैदानावर मंडप जितके दिवस उभा असतो, तितके दिवस त्यावर धावणारा मुलगा कोठे जातो?

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मला पूर्णतः आहे असे नाही. जिल्ह्यात असताना एका महाविद्यालयाचे मैदान प्रदर्शनासाठी, मतमोजणीच्या वाहनतळासाठी आणि दोनदा हेलिपॅडसाठी अधिग्रहित करण्याच्या आदेशांवर माझी सही आहे. आदेश कायदेशीर होते आणि त्यांत कोणाचीही तक्रार नव्हती. तक्रार करणार कोण? प्राचार्य शासनाचे नोकर, विद्यार्थी तीन वर्षांचे पाहुणे. प्रदर्शन उठल्यावर तेथील क्रीडाशिक्षक भेटावयास आले. मला वाटले, भरपाई मागतील. ते म्हणाले, ‘साहेब, मैदान परत मिळालं, पण मंडपाचे खिळे तसेच राहिलेत. दोन पोरांचे पाय फाटले. तेवढे काढून देता का?’

राजनांदगावसारख्या गावात ही वेळ आली असती का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मला वाटते, आली असती तरी क्रीडाशिक्षकास एकट्याने यावे लागले नसते. स्पर्धा भरविणारे व्यापारी, जुने खेळाडू, नगरसेवक, सारे कचेरीत आले असते आणि मंडपाचा ठेकेदार आधीच हजर झाला असता. मैदानाला गावाचा आधार म्हणतात तो हाच. त्यात वर्गणीचा भाग थोडा, आणि मैदान आपले आहे असे ठासून सांगणाऱ्या माणसांच्या हजेरीचा भाग मोठा. अमरावतीच्या मंडळाचे मैदान मागताना कोणताही जिल्हाधिकारी दोनदा विचार करील. तो कायद्याचे कलम पाहून थांबणार नाही, त्या मैदानाला शंभर वर्षांची माणसे आहेत म्हणून थांबेल.

बस्तरकडे पाहिले की हा हिशेब आणखी वेगळा लागतो. नारायणपूर जिल्ह्यातील अबूझमाडच्या मुलांच्या मल्लखांब पथकाने २०२३ मध्ये दूरदर्शनवाहिनीवरील राष्ट्रीय कलास्पर्धा जिंकली. पेशवाईत बाळंभट देवधरांनी नावारूपास आणलेला, बर्लिनला अमरावतीकरांनी नेलेला हा खेळ अबूझमाडच्या जंगलात रुजला. तो रुजविण्यात विद्यापीठाचा वाटा नव्हता. पोलीस दलातील एका शिपायाने मुले जमविली, त्यांस शिकविले आणि सांभाळले. नारायणपूर २००८ पर्यंत रायपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात होते. आता ती मुले महाविद्यालयात जातील तेव्हा ती जगदलपूरच्या विद्यापीठाचे खेळाडू म्हणून मोजली जातील.

त्या क्रीडाशिक्षकांना मी दुसऱ्याच दिवशी चार माणसे दिली. दोन दिवस चुंबक बांधलेली दोरी ओढत त्यांनी मैदान विंचरले आणि दोन घमेली खिळे निघाले. त्यानंतरच्या प्रत्येक अधिग्रहण आदेशात मी एक अट घातली, की खड्डे बुजवून व खिळे वेचून क्रीडाशिक्षकाचा लेखी दाखला आणल्याखेरीज ठेकेदाराची अनामत रक्कम परत करू नये. माझी बदली होईपर्यंत ती अट चालली.