लदेणी, जोखीम आणि पहिले भांडवल: सौंसर-पांढुर्ण्याच्या वाटांवरील व्यापार

पांढुर्णा आणि सौंसर हे सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याचे तालुके मध्य प्रदेशात असले, तरी त्यांची बोली, त्यांचे सणवार आणि त्यांचा बाजार नागपूरच्या मैदानाशी जोडलेला आहे, आणि 2023 साली छिंदवाड्यापासून वेगळा काढलेला पांढुर्णा जिल्हा याच मुलखाचा बनला आहे. या मुलखात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोहमार्ग येईपर्यंत मालाची ने-आण पाठीवर गोणी लादलेल्या बैलांनी होत असे आणि या धंद्याला लदेणी म्हणत. हाती फारसे काही नसलेल्या माणसाने लदेणीवर पैसा कसा कमवावा, हा प्रश्न स्वस्तात घेऊन महागात विकण्यापुरता नव्हता. वाटेवरच्या शस्त्राची किंमत कोणी, कशी आणि केव्हा मोजायची, यावर त्याचे उत्तर ठरत असे.

या प्रश्नाची मांडणी अलीकडच्या काळात एका अगदी वेगळ्या क्षेत्रात झालेली दिसते. डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोघांनी तयार केलेला ‘एलीट’ हा संगणकीय खेळ 1984 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला आणि अंतराळातील व्यापार व लढाई एकत्र आणणाऱ्या पुढच्या अनेक खेळांचा तो नमुना ठरला. त्यात खेळाडूला आरंभी 100 क्रेडिट, 20 टन माल मावेल असे एक यान आणि एक साधी लेसर तोफ मिळते. शेतीप्रधान ग्रहावरचे धान्य औद्योगिक ग्रहावर विकायचे, राज्यव्यवस्था कोसळलेल्या ग्रहांजवळ चाचे अधिक असल्याने तेथे जाणे टाळायचे आणि साठलेल्या नफ्यातून हळूहळू चांगले शस्त्र घ्यायचे, हा नवख्याचा मार्ग असतो. मात्र या खेळात चाच्यांना मारल्याबद्दल बक्षीस मिळते, म्हणजे लढाई हेही कमाईचे साधन ठरते. सातपुड्याच्या वाटांवर व्यापाऱ्याला असे बक्षीस देणारे कोणी नव्हते. तेथे लढाई हा निव्वळ खर्च होता, आणि हा एक फरक लक्षात घेतला की लदेणीची सारी रचना उलगडत जाते.

मुलखाची ठेवण या रचनेच्या मुळाशी आहे. जाम आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन कापूस आणि ज्वारी पिकवणारी, तर तिच्या उत्तरेला लगेच चढणारे बैतूल-छिंदवाड्याचे पठार जंगलाचे आणि वेगळ्या पिकांचे. नागपूरहून पांढुर्णा, मुलताई, बैतूल असे होशंगाबादला, म्हणजे नर्मदेवर, जाता येई. दुसरी वाट सौंसरवरून सिल्लेवानीच्या घाटाने छिंदवाड्याकडे चढे. मैदान आणि पठार यांची सांधणी जेथे होते तेथे भावात फरक असतो आणि भावात फरक असतो तेथे व्यापाराला जागा असते. पण घाट, झाडी आणि नदीचे उतार यांमुळे लूट करणाऱ्यालाही नेमकी तीच जागा सोयीची पडते. देवगडच्या गोंड राज्याचे मूळ ठाणे याच डोंगरात होते. त्या राज्याच्या बख्त बुलंद या राजाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले आणि त्याच शतकाच्या मध्यास हा सारा प्रदेश रघूजी भोसल्यांकडे गेला. सत्ता मैदानात उतरली तरी डोंगरातील गोंड आणि कोरकू जहागीरदारांचा घाटांवरील अंमल पुष्कळसा टिकून राहिला, त्यामुळे वाटेवर जकात एकाच धन्याला देऊन भागत नसे.

अशा वाटांवर एकट्या माणसाने माल नेणे जवळजवळ अशक्य होते, आणि म्हणून नवख्याची सुरुवात तांड्यात होई. तांडा म्हणजे बंजारा, अर्थात लमाण, कुटुंबांचा बैलांसह फिरणारा समूह. त्याचा प्रमुख नायक. बैल ज्या त्या कुटुंबाचे असत, पण मार्ग, मुक्काम, जकातीची बोलणी आणि बचाव या गोष्टी नायकाच्या हाती असत. 1632 साली आग्र्याहून पाटण्याकडे गेलेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला धान्य लादलेल्या 14,000 बैलांचा एक तांडा भेटला होता, आणि असे तांडे दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा अधिक चालत नाहीत, अशी नोंद त्याने केली आहे. ही संथ चाल हीच या धंद्याची खरी ताकद होती, कारण बैल वाटेवरच्या रानात चरत चालत आणि वैरणीवर रोख खर्च होत नसे. दोन ते तीन मण ओझे वाहणारा बैल जर फुकटच्या गवतावर चालत असेल, तर मीठ आणि धान्य यांसारखा स्वस्त व जड मालही शेकडो मैल नेऊन परवडतो. कोकण किनाऱ्याचे मीठ सह्याद्री ओलांडून वऱ्हाड-नागपुरापर्यंत येई ते याच हिशेबाने, आणि परतीच्या वाटेला गोणी रिकाम्या राहू नयेत म्हणून धान्य किंवा कापूस भरला जाई.

मंडीने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती या विषयासाठी अधिक मोलाची: बंजारे काही वेळा दुसऱ्या व्यापाऱ्यांचा माल भाड्याने वाहत, पण बहुधा ते स्वतःच व्यापारी असत आणि माल त्यांचा स्वतःचा असे. ज्याच्याजवळ मोजके बैल आहेत आणि मालात गुंतवायला पैसा नाही, त्याने दुसऱ्याचा माल वाहून भाडे घ्यावे, त्यातून बैल वाढवावेत आणि मग स्वतःच्या गोणीत मीठ भरावे, हा क्रम त्यातून दिसतो. भाड्याच्या मालात नफा थोडा, परंतु बाजार पडला तर तोटा मालधन्याचा. स्वतःच्या मालात नफा मोठा, पण एका लुटीत सारे भांडवल बुडे. तांड्यातील पुरुष तलवार, भाला, बंदूक बाळगीत, मुक्कामाला गोणींची थप्पी तटासारखी रचीत आणि राखणीला शिकारी कुत्री ठेवीत. ही तयारी लढाई जिंकण्यासाठी नव्हती, तर हल्ला करणाऱ्याला तो महाग पडावा यासाठी होती, आणि इतक्या मोठ्या संख्येने एकत्र चालण्याचे मुख्य कारणही हेच होते.

वाटेवरच्या धोक्याची किंमत ठरवण्याची दुसरी यंत्रणा पेढीवर होती. माल एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवण्याचा आणि वाटेवरच्या सगळ्या जकाती भरण्याचा एकरकमी ठेका जो घेई त्याला हुंडेकरी म्हणत. मालधन्याला नाक्यानाक्यावर वाद घालावा लागू नये, ही त्याची सोय. जोखीम हुंडी ही त्याहून सूक्ष्म योजना होती. हुंडी म्हणजे दूरच्या गावी पैसे देण्याचा लेखी आदेश. जोखीम हुंडीत ते पैसे माल सुखरूप पोचला तरच देणे लागत, त्यामुळे कर्ज आणि विमा या दोन्ही गोष्टी एकाच कागदात येत. जॉन माल्कम यांनी 1823 साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरील ग्रंथात माळव्यातील विमा व्यवहाराची माहिती दिली असून, वाट जितकी असुरक्षित तितका दर चढा, हे तत्त्व सराफांना पक्के ठाऊक होते. याखेरीज सोबतीला हत्यारबंद पहारा घेतला जाई, ज्याला बदरका म्हणत. भाडे, जकात, विमा आणि बदरका हे चारही खर्च वजा करून जे उरे ती कमाई. आणि छोट्या माणसाला विमा परवडत नसल्याने तांड्याची गर्दी हाच त्याचा विमा होता.

या हिशेबाची सर्वांत कठीण परीक्षा पेंढाऱ्यांच्या काळात झाली. पेंढारी म्हणजे पगार न घेता केवळ लुटीवर राहणारे घोडेस्वार. मराठा फौजांबरोबर ते जात तेव्हा त्यांच्याकडून पालपट्टी नावाचा कर घेतला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे तळ नर्मदेकाठी आणि माळव्यात होते, आणि नागपूरच्या मुलखावर उतरायचे तर सातपुड्याचे घाट हीच त्यांची वाट होती. पावसाळ्यानंतर नद्यांना उतार पडला की दसऱ्याच्या सुमारास ते बाहेर पडत. तांडेही त्याच वेळी हालत, कारण चिखलात बैल चालत नाही आणि भिजलेले मीठ विकले जात नाही. व्यापाराचा हंगाम आणि लुटीचा हंगाम एकच असणे हे या प्रदेशाचे दुर्दैव होते. 1816 च्या मार्चमध्ये पूर्व किनाऱ्यावरील एकाच स्वारीत पेंढाऱ्यांनी बारा दिवसांच्या आत 339 गावे लुटली आणि 182 माणसे मारली, यावरून त्यांच्या वेगाची कल्पना येते. दिवसाला सहा मैल चालणाऱ्या बैलाला त्या वेगापासून पळता येत नव्हते.

तरीही पेंढारी श्रीमंत झाले नाहीत, हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण शस्त्राच्या बळावर झटपट पैसा मिळतो हा समज इतिहासाच्या पुस्तकांतही डोकावतो. लुटीतला वाटा सरदाराला जाई, उरलेला माल तळावर जमलेल्या व्यापाऱ्यांना मिळेल त्या भावाने विकावा लागे, आणि घोडा मेला तर सारे साधनच संपे. लुटीचा मोठा नफा तळावर तो माल विकत घेणाऱ्यांच्या पदरात पडे. बंजाऱ्याचा बैल मात्र वर्षानुवर्षे थोडेथोडे मिळवत राही, आणि युद्धकाळात फौजांना धान्य पुरवणारे म्हणून दोन्ही पक्षांना तांडे हवे असत. 1803 च्या वऱ्हाडातील मोहिमेत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची भिस्त बंजाऱ्यांच्या धान्यावरही होती. लढाई न करता लढाईतून मिळकत करणारा या मुलखातील खरा व्यापारी तोच म्हणावा लागेल.

1817 च्या नोव्हेंबरात इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली, पुढच्या वर्षी नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले महादेव डोंगरात गेले, आणि 1818 च्या जुलैत बैतूल भागात कॅप्टन स्पार्क्सची इंग्रजी फौजेतील तुकडी कापली गेली, तेव्हा पांढुर्ण्यावरून जाणारी वाट काही काळ रणभूमीच्या कडेला आली. पेंढारी मोडल्यानंतर आणि ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या देखरेखीखाली नागपूरचा कारभार आल्यानंतर कापसाची लदेणी वाढली. वऱ्हाडचा कापूस पाचशे मैलांवरील मिर्झापूरला बैलांच्या पाठीवर जाई, आणि 1842 साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने 1,00,000 बैलांची ओझी त्या मार्गाने कलकत्त्याकडे रवाना केल्याची नोंद आहे. तो लदेणीचा शेवटचा बहर ठरला. सडका बांधल्या तशा गाड्या आल्या, 1867 साली मुंबईचा लोहमार्ग नागपूरला पोचला, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात खुद्द सौंसर आणि पांढुर्णा ही दोन्ही गावे लोहमार्गावर आली.

वाटा सुरक्षित झाल्या त्याच वेळी त्या वाटांवर शतके काढलेल्या माणसांचा धंदा गेला. ज्यांनी जोखीम अंगावर घेऊन मीठ, धान्य आणि कापूस वाहिला, त्यांच्यातील अनेक समूहांवर 1871 च्या कायद्यान्वये देशाच्या निरनिराळ्या भागांत गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा रद्द व्हायला 1952 साल उजाडले. हा अन्याय लदेणीच्या इतिहासात तळटीपेपुरता ठेवणे योग्य नाही, कारण पांढुर्णा-सौंसरच्या बाजारपेठांची घडण या माणसांच्या श्रमाशिवाय समजत नाही.

पांढुर्णा बाहेरच्या जगाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात सावरगावाशी होणाऱ्या गोटमारीमुळे माहीत आहे, आणि दगडफेकीची ती प्रथा दरवर्षी बातम्यांत येते. वाटेवरून गेलेल्या बैलांची आठवण मात्र कोठेही लिहिलेली आढळत नाही. नव्या जिल्ह्याचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा त्यात राजे आणि लढाया येतीलच. त्याआधी सौंसर, मोहगाव, लोधीखेडा आणि पांढुर्णा येथील ज्या घरांत जुन्या पेढ्यांच्या मोडीतील वह्या, हुंड्या किंवा जकातीच्या पावत्या उरल्या असतील, त्या घरांनी त्या रद्दीत न देता मोडी वाचणाऱ्या अभ्यासकांना दाखवाव्यात, आणि तांड्यांतील वृद्धांकडे मुक्कामांची, पाणवठ्यांची व नायकांची जी माहिती असेल ती आजच लिहून घ्यावी.