जग्वारला थांबवायचं कसं?

1948 साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात जग्वारने एक्सके 120 आणली. नावातला आकडा तिच्या वेगाचा होता: ताशी 120 मैल, म्हणजे सुमारे 193 किलोमीटर. पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या याबेकेच्या सरळ रस्त्यावर तिने ताशी 213 किलोमीटरचा वेग गाठून दाखवला. एवढ्या वेगाच्या गाडीला थांबवायला मात्र चारही चाकांना ड्रम ब्रेकच होते.

ड्रममध्ये ब्रेक शू आतून बाहेरच्या बाजूला दाबले जातात. घाट उतरताना किंवा शर्यतीत वारंवार ब्रेक मारले की ड्रम तापतो, फुगतो आणि शूवरच्या लायनरपासून (घर्षणपट्टीपासून) दूर सरकतो. शिवाय तापलेल्या लायनरची पकड कमी होते ती वेगळीच. पेडल खाली खाली जात राहतं आणि गाडी काही थांबत नाही. एक्सके 120ची मागची चाकं तर पत्र्याच्या झाकणाआड दडलेली. त्यांना वारा लागणार कुठून?

यावरचा उपाय फार जुना होता. चाकाबरोबर फिरणाऱ्या उघड्या चकतीला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटणाऱ्या डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्येच घेतलं होतं. पण पॅड तांब्याचे असल्यामुळे ते कर्कश ओरडत. पुढे विमानांनी ही कल्पना कामाला लावली. विमानांसाठी डिस्क बनवणाऱ्या डनलॉपला जग्वारने हाताशी धरलं. चाचणीचालक नॉर्मन ड्यूइसने त्या ब्रेकची कसून परीक्षा घेतली आणि 1952 मध्ये फ्रान्समधल्या रॅंसला स्टर्लिंग मॉसने डिस्क लावलेल्या सी-टाइप या जग्वारच्या शर्यतीच्या गाडीतून शर्यत जिंकली.

खरी कसोटी लागली 1953च्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीला. तिथे तेव्हा सुमारे 6 किलोमीटरच्या सरळ पट्ट्यानंतर एकदम तीव्र वळण यायचं. ड्रमवाल्यांना लवकर ब्रेक मारावे लागत, जग्वारचे चालक बरंच पुढे जाऊन मारत, आणि तेही 24 तास. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन ताशी 170 किलोमीटरच्या सरासरीने पहिले आले. ल मान्सला ताशी 100 मैलांची (सुमारे 161 किलोमीटरची) सरासरी त्याआधी कुणी ओलांडली नव्हती. तिथेच 1955 मध्ये मर्सिडीजने आपल्या ड्रमवाल्या 300 एसएलआरला मदत म्हणून चालकाच्या पाठीमागे चक्क एक मोठी फळी बसवली. वळण जवळ आलं की ती उभी राहायची आणि वाऱ्याला अडवून वेग कमी करायची!

1957च्या एक्सके 150ला चारही चाकांना डिस्क मिळू लागल्या. म्हणून आज एखादा मालक एक्सके 120ला डिस्क बसवतो तेव्हा त्या बदलाला बाटवाबाटवी म्हणणं अन्यायाचं आहे. कारखाना ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने तो चाललेला असतो.

काम मात्र जबाबदारीचं आहे. ड्रममध्ये फिरत्या ड्रमच्या ओढीने शू आणखी घट्ट बसतो; डिस्कला ही मदत नाही. त्यामुळे पायाला जास्त जोर लावावा लागतो आणि बहुधा पायाचा जोर वाढवणारा सर्वो बसवावा लागतो. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ठेवले तर दाबाचा तोल साधावा लागतो, नाहीतर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी फिरते. पेडलने दाब निर्माण करणारा मास्टर सिलिंडरही पॅड दाबणाऱ्या नव्या कॅलिपरच्या मापाचा लागतो.

ऐतिहासिक वाहनांसाठीची ट्युरिन सनद असे बदल नाकारत नाही. ते डोळ्यांत न भरणारे आणि पुन्हा उलटवता येणारे असावेत, एवढंच मागते. म्हणून जाणता कारागीर मूळ भागाला भोक पाडत नाही, वेल्डिंग करत नाही. कॅलिपरचा ब्रॅकेट तो जुन्याच बोल्टांवर बसवतो आणि काढलेले ड्रम, शू, सिलिंडर चिठ्ठ्या लावून मालकाच्या हवाली करतो.