शिशाचा बिल्ला, सोन्याची मोहोर आणि बैठक भत्ता

बेल्जियममधल्या साध्या नगरसेवकाला पगार नसतो, त्याला ‘नाणे’ मिळते. बँकेत जमा होतात ते युरोच, पण त्या रकमेचे नाव फ्लेमिश भागात ‘झिटपेनिंग’, म्हणजे बसल्याचे नाणे, आणि फ्रेंच बोलणाऱ्या भागात ‘जतों द प्रेझांस’, म्हणजे हजेरीचा बिल्ला. सभेला आलात तर बिल्ला, नाही आलात तर नाही. एकविसाव्या शतकातल्या नगरपालिकेच्या हिशेबात हे बिल्ले आले कुठून, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि मग मी त्याचा माग काढतच गेलो. माग निघाला थेट चर्चच्या गाभाऱ्यात.

मध्ययुगीन युरोपातल्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये ‘कॅनन’ नावाचे धर्माधिकारी असत. दिवसरात्रीच्या ठरलेल्या प्रहरांना गायनकक्षात बसून स्तोत्रे म्हणणे हे त्यांचे मुख्य काम. त्यासाठी जमिनींचे उत्पन्न त्यांच्या नावे बांधून दिलेले. पण उत्पन्न वर्षाचे वर्षाला घरपोच येत असताना पहाटेच्या थंडीत उठून स्तोत्रे म्हणायला कोण येतो? कॅननमहाशय कुणा राजाच्या दरबारी नाही तर शिकारीला, आणि त्यांच्या जागी चार दमड्यांवर नेमलेला कुणी बदली गायक. देवाच्या दारी खुर्च्या रिकाम्या.

यावर युक्ती निघाली ती अशी. उत्पन्नाचा एक भाग बाजूला काढायचा आणि तो रोजच्या रोज, प्रत्येक प्रार्थनेला हजर असणाऱ्यांतच वाटायचा. रोज रोख मोजत बसणे कटकटीचे, म्हणून हजर माणसाच्या हातावर शिशाचा एक बिल्ला ठेवायचा. फ्रेंचमध्ये त्याला ‘मेरो’ म्हणत. बिल्ले साठवावे, खजिनदाराकडे न्यावे आणि त्यांच्या बदल्यात पैसे किंवा पाव घ्यावा. असे मेरो आजही युरोपातल्या संग्रहालयांत मुबलक आहेत. कोण आले, कोण उशिरा आले, कोण मध्येच उठून गेले, याची टिपणे ठेवायला वेगळा माणूस असे. आपल्याकडच्या हजेरी कारकुनाचा हा मूळपुरुष मानायला माझी हरकत नाही.

नियमही किती काटेकोर! पोप आठवा बोनिफास याच्या १२९८ च्या कायदेसंग्रहात स्पष्ट म्हटले आहे की वाटप हजर असणाऱ्यांनाच. अपवाद फक्त आजारपण, शरीराची रास्त गरज आणि चर्चचे उघड हित यांचा. हा तिसरा अपवाद वाचून मला हसू आवरले नाही. ‘सभेला नव्हतो, पण वॉर्डातल्या कामावर होतो’ हे उत्तर निदान सातशे वर्षे जुने आहे तर! पुढे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये उत्पन्नाचा तिसरा हिस्सा या रोजच्या वाटपासाठी वळता करायला सांगितले, आणि १५६३ मध्ये आणखी बजावले की गैरहजर माणसाने वाटा गमावलाच, त्यात संगनमत नको आणि परस्पर सूटही नको. संगनमताचा उल्लेख करावा लागला, याचा अर्थ संगनमत चालत होते. ट्रेंटचे ठराव लागू करण्यासाठी गोव्यात १५६७ मध्ये पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. तेव्हा हजेरीच्या पैशाचे हे तत्त्व कोकणकिनाऱ्याला मुंबईची महापालिका जन्मायच्या तीनशे वर्षे आधी लागले, असा माझा ठाम कयास आहे.

चर्चमधून बिल्ला नगरसभेत गेला कसा? इथे एक प्रतिस्पर्धी मत आहे आणि ते टाकाऊ नाही. त्या मताप्रमाणे फ्रान्समधला ‘जतों’ हा मुळात हिशेबाचा मणी. आकडेमोडीच्या पटावर सरकवायच्या तांब्याच्या चकत्या, त्या हिशेबनिसांना आणि शहराच्या अधिकाऱ्यांना नववर्षाची भेट म्हणून देऊ लागले, मग त्या चांदीच्या झाल्या आणि भेटीचा झाला हक्क. नाण्याचा आकार आणि नाव या वाटेने आले, हे मी मान्य करतो. पण भेट ही सगळ्यांना मिळते, घरी बसलेल्यालाही. ‘हजर असाल तरच’ ही अट हिशेबाच्या पटावर सापडत नाही, ती गायनकक्षातच सापडते. देह जतोंचा, आत्मा मेरोचा, असे माझे म्हणणे.

दोघांची गाठ कुठे पडली हे पाहायचे तर १६७० च्या दशकातल्या पॅरिसला जावे. फ्रेंच अकादमीचे चाळीस विद्वान शब्दकोश करायला बसत, पण बसत म्हणजे येत नसत. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने त्यांच्यासाठी चांदीचे चाळीस जतों दर बैठकीला ठेवले. गैरहजरांचे बिल्ले हजरांनी वाटून घ्यायचे. सोबत लंबकाचे घड्याळ दिले आणि हजेरीवही दिली. तास पडल्यावर आलेल्याला वाटा नाही. या सगळ्याची हकीकत लिहून ठेवली आहे शार्ल पेरो याने. सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारा तोच हा पेरो, कोल्बेरच्या पदरी होता. बाराच्या ठोक्याला सगळे वैभव हातचे जाणाऱ्या मुलीची गोष्ट त्याला अकादमीच्या घड्याळाखाली बसून सुचली असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. पुरावा काही नाही. अकादमीचाच एक सभासद फ्युरतिएर केवळ बिल्ल्यांसाठी येणाऱ्या सहकाऱ्यांना ‘जतोनिए’ म्हणून हिणवू लागला. त्याला १६८५ मध्ये अकादमीतून काढले. कारण मात्र वेगळे होते: त्याने स्वतःचा शब्दकोश तयार केला होता.

नेदरलँड्समधल्या शहरांनी हीच पद्धत उचलली. तिथे ‘फ्रूटस्खाप’ म्हणजे शहराची सभा. सभासद धनाढ्य व्यापारी आणि मद्यकारखानदार. जागा रिकामी झाली की तेच आपल्यातला दुसरा निवडून घेत. अशा माणसाला रोजंदारी देऊ केली असती तर तो चिडला असता. म्हणून शहराचे चिन्ह कोरलेले चांदीचे पदक त्याच्या हातात ठेवायचे. हवे तर मोडून पैसे घ्या, हवे तर पेटीत जपा. मला वाटते, बैठक भत्त्याच्या कुळकथेतली खरी मेख इथे आहे. ज्याचे पोट आधीच भरलेले आहे त्याला खुर्चीपर्यंत ओढून आणण्याचे हे साधन. पैसा द्यायचा, पण तो पैसा दिसू द्यायचा नाही.

आता अथेन्सवाल्यांशी भांडण. लोकप्रतिनिधींचे मानधन म्हटले की कुणीतरी पेरिक्लीसचे नाव काढतो आणि सगळी वंशावळ प्राचीन अथेन्सला नेऊन जोडतो. अथेन्समध्ये पैसे मिळत, यात वाद नाही. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात दरपत्रकच आहे: पाचशेंच्या सभेतल्या सदस्याला दिवसाला ५ ओबोल (तिथले लहान नाणे), पाळीने कारभार पाहणाऱ्यांना जेवणासाठी एक ओबोल जादा. आर्खोन म्हणवणाऱ्या नऊ पदाधिकाऱ्यांना जेवणापोटी प्रत्येकी ४ ओबोल, आणि त्यातच एक ललकारी देणारा आणि एक बासरीवाला पोसायचा. पदाधिकाऱ्याच्या खर्चाची तरतूद म्हणून याहून जुना आणि याहून सुरेल दाखला मला माहीत नाही.

न्यायसभेतल्या पंचांना तर मत दिल्यावर बिल्लाही मिळे आणि त्यावर ३ ओबोल. तेव्हा अथेन्स हेच मूळ, असे म्हणणाऱ्यांचा हा हुकमी पत्ता. पण बिल्ला दिसला म्हणून नाते लावायचे का? मधल्या दीड हजार वर्षांचा दुवा कोणी दाखवत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हेतू उलटा. अथेन्सचा पैसा होता शेत किंवा दुकान सोडून आलेल्या गरिबाचा दिवस बुडू नये म्हणून. श्रीमंतांच्या गटाला हे पक्के ठाऊक होते. इसवी सनपूर्व ४११ मध्ये चारशे जणांनी सत्ता बळकावली तेव्हा मानधन बंद करणे हे त्यांचे पहिल्या कलमांपैकी एक. कट्यारी लपवून ते सभागृहात घुसले आणि निवडलेल्या सदस्यांना म्हणाले, घ्या तुमचे पैसे आणि निघा. उरलेल्या मुदतीचे सगळे मानधन दारातच मोजून दिले, असे इतिहासकार थुसिडिडीसने लिहिले आहे. सदस्य निमूट गेले. अथेन्सच्या पैशाचा वारस शोधायचा तर तो इंग्लंडमधल्या चार्टिस्टांच्या १८३८ च्या सनदेत आहे. खासदाराला वेतन हवे, म्हणजे कामगारालाही उभे राहता येईल, ही त्यांची मागणी १९११ मध्ये वर्षाला ४०० पौंडांच्या रूपाने पुरी झाली. बैठक भत्ता त्या घराण्यातला नव्हे.

इंग्लंडने आपल्या नगरसेवकांना १९४८ पर्यंत साधी बुडालेल्या मजुरीची भरपाईसुद्धा दिली नाही. नगरसेवा हा सद्गृहस्थाचा धर्म, त्याला मोल कसले! आणि याच इंग्रजांच्या राज्यात, साठ वर्षे आधी, १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने स्थायी समितीच्या सदस्याला सभेमागे ३० रुपये फी लावून दिली. सभागृहात ७२ सदस्य, स्थायी समितीत त्यांतले १२. फी त्या बारांना. मायदेशात जे अप्रतिष्ठेचे ते मुंबईत रीतसर कसे झाले? आणि आकडा तीसच का?

एक उत्तर असे की मुंबईच्या शेटजींना ते ओळखीचे होते. गिरण्यांच्या आणि बँकांच्या संचालक मंडळांवर बसायचे पैसे मिळत, आणि नगरसभेत तीच मंडळी. फ्रान्समध्ये कंपनी संचालकांच्या या पैशालाही जतों द प्रेझांसच म्हणत, तेव्हा हे उत्तर माझ्या सिद्धान्ताला सोयीचेच. पण तीसचा उलगडा त्यातून होत नाही.

माझा कयास वेगळा. १८३५ च्या नाणे कायद्याने सोन्याची मोहोर १५ रुपयांची ठरली. मोहोर बाजारातून गेली तरी मुंबईच्या हायकोर्टात वकिलांची फी मोहरांतच लिहीत, मोहरेला १५ रुपये धरून. तीस रुपये म्हणजे बरोब्बर दोन मोहरा! १८८८ च्या महापालिका कायद्याची चर्चा ज्या कायदेमंडळात झाली तिथे फिरोजशहा मेहता आणि काशीनाथ त्र्यंबक तेलंग बसले होते, दोघेही हायकोर्टातले मातब्बर वकील. मोहोर ही मजुरी नव्हे, विद्वानाचा सन्मान, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. डच व्यापाऱ्याला चांदीच्या पदकाने जे साधून दिले तेच इथे न दिसणाऱ्या मोहरांनी साधले. तीस हा नुसता गोल आकडा असू शकतो, असे कुणी म्हणेल. मग पंचवीस का नाही, पन्नास का नाही, हे त्याने सांगावे.

पुढचा प्रवास झटपट. स्वातंत्र्यानंतर प्रौढ मतदानाने निवडून आलेल्यांत चाळीतले, झोपडपट्टीतले लोकही आले आणि मासिक मानधनाची अथेन्सवाली शाखा महापालिकेत शिरली. महाराष्ट्रात त्याचा आकडा राज्य सरकार ठरवते, नगरसेवक स्वतः नव्हेत. २०१७ मध्ये मुंबईचे मानधन महिना १०,००० वरून २५,००० रुपये झाले. पुणे आणि नागपूरला २०,०००, त्याखालच्या वर्गाला १५,००० आणि उरलेल्या लहान महापालिकांना १०,०००. वर बैठक भत्ता, बेस्टचा मोफत पास वगैरे.

इंग्लंडने मात्र बैठक भत्ता उशिरा घेतला आणि लवकर सोडला. १९७२ च्या कायद्याने हजेरी भत्ता सुरू झाला. सभेला पैसे म्हटल्यावर सभाच वाढायला उत्तेजन मिळते, समिती, उपसमिती, पाहणी दौरा, असा आक्षेप आला. विडिकॉम्ब समितीने १९८६ मध्ये सगळ्यांना ठरावीक वार्षिक रक्कम द्यायची शिफारस केली, आणि २००० च्या कायद्यानंतर तिथे प्रत्येक नगरपालिकेला आकडा ठरवण्यापूर्वी स्वतंत्र समितीचा सल्ला घ्यावा लागतो. त्या समितीत नगरसेवक बसू शकत नाही.

आपल्याकडे दोन्ही शाखा एकाच घरात नांदतात, पण एकीची पार रया गेली आहे. २०१७ च्या वाढीच्या वेळी मुंबईचा बैठक भत्ता होता सभेमागे १५० रुपये. १८८८ मध्ये दोन मोहरा मिळत. आजच्या १५० रुपयांत सोन्याचा कणही येत नाही. एवढ्या रकमेसाठी सभेला कुणी येणार नाही आणि एवढी रक्कम बुडेल म्हणून कुणी घरी राहायचे थांबणार नाही. तेव्हा हा भत्ता रद्द करून मानधनात मिळवावा, आणि गैरहजेरीचा दंड त्या मानधनातूनच कापावा. ट्रेंटच्या पाद्र्यांनी १५६२ मध्ये ठरवलेला तिसरा हिस्सा हे प्रमाण मला अजूनही रास्त वाटते.