टोपली, चेंडू आणि तेरा नियम

संध्याकाळी गावातून चक्कर मारली, की शाळेमागच्या मोकळ्या जागेत दोन खांब रोवून मध्ये जाळी बांधलेली पुष्कळदा दिसते. पोरे व्हॉलीबॉल खेळत असतात. हायस्कूल जरा मोठे असेल, तर बास्केटबॉलची लोखंडी कडीही उभी असते. हे दोन्ही खेळ आता इतके अंगवळणी पडले आहेत, की ते आले कुठून असे कुणी विचारीत नाही. आपली हुतुतू किंवा लगोरी कुणी काढली हे सांगता येत नाही. असे खेळ पिढ्यान् पिढ्या घडत आले. या दोन खेळांचा मात्र जन्म कुठे झाला, कुणी केला, कशासाठी केला, हे सगळे ठाऊक आहे. आणि नवल असे, की दोन्हींचे मूळ एकाच लहानशा खाजगी कॉलेजात सापडते. त्या कॉलेजाच्या व्यायामवर्गाची हकीकत मी आज सांगणार आहे. आपल्या गावोगावच्या शिक्षकांनी ती ऐकावी अशी आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे शहर आहे. तिथे १८८५ साली ख्रिस्ती कार्यकर्ते तयार करणारी एक शाळा निघाली. पुढे ती वाय. एम. सी. ए. या तरुणांच्या ख्रिस्ती संघटनेची प्रशिक्षणशाळा झाली. १८८७ मध्ये ल्यूथर गुलिक नावाचा तरुण डॉक्टर तिच्या व्यायाम विभागात आला. त्या काळी अनेक धर्मनिष्ठ घरांतून खेळ म्हणजे निव्वळ उनाडपणा समजत. गुलिकचे म्हणणे वेगळे होते. शरीर, मन आणि आत्मा हे एकाच त्रिकोणाचे तीन भुज आहेत, एक आखूड पडला की त्रिकोण बिघडतो, असे तो म्हणे. त्याच्या हाताखाली जेम्स नेस्मिथ नावाचा शिक्षक होता. नेस्मिथ कॅनडातला. आईबाप लहानपणीच विषमज्वराने गेलेले. धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण त्याने पुरे केले होते. पण मैदानावरही माणसे घडवता येतात असे वाटून तो १८९० मध्ये स्प्रिंगफील्डला आला.

आता अडचण काय होती ते पाहू. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडते. फुटबॉलचा मोसम नोव्हेंबरात संपायचा, बेसबॉलचा वसंतात सुरू व्हायचा. मधले महिने व्यायामशाळेच्या चार भिंतींत काढायचे. तिथे काय, तर कवायत, उड्या, कसरती आणि मुद्गल फिरवणे. मुद्गल म्हटल्यावर आपले कान टवकारतील. हिंदुस्थानातल्या आखाड्यांत इंग्रज अधिकाऱ्यांनी पाहिलेली ही मुद्गले विलायतेत आणि तिथून अमेरिकेत गेली होती. व्यायाम उत्तमच, पण रोज तेच ते करून मुले कंटाळत.

त्यातून अठरा जणांचा एक वर्ग अगदी हाताबाहेर गेला होता. ही मंडळी पोरसवदा नव्हती. संघटनेच्या शाखांचे चिटणीस व्हायला आलेली मोठी माणसे ती! आम्हांला हे कशाला, असा त्यांचा सवाल. दोन शिक्षकांनी या वर्गापुढे हात टेकले. मग गुलिकने तो नेस्मिथच्या गळ्यात घातला आणि चौदा दिवसांची मुदत दिली. बंद जागेत खेळता येईल, मनाला गोडी लावील आणि कुणाला इजा करणार नाही असा काहीतरी खेळ काढ, म्हणाला.

नेस्मिथने आधी मैदानी खेळच आत आणून पाहिले. फुटबॉल आणला, तर लाकडी फरशीवर माणसे आपटू लागली. पायाने मारायचा चेंडू आणला, तर खिडक्यांच्या काचांवर संकट आले. कॅनडातला काठ्यांचा लाक्रॉस आणला, तर हातातोंडाला मार बसू लागला. मुदत संपत आली. तेव्हा तो बसला आणि त्याने मुळापासून विचार केला. मारामारी होते कशामुळे? चेंडू घेऊन माणूस पळतो आणि त्याला अडवायला दुसरे अंगावर जातात, म्हणून. तर मग चेंडू हातात असता पळायचेच नाही! बरे, गोल उभा असला की लोक चेंडू जोराने हाणतात. म्हणून गोल आडवा ठेवायचा आणि डोक्याच्या वर टांगायचा. म्हणजे चेंडू अलगद, कमान करून टाकावा लागेल. ही कल्पना त्याला लहानपणच्या एका खेळावरून सुचली. मोठ्या खडकावर लहान दगड ठेवायचा आणि लांबून दगड मारून तो पाडायचा, असा तो खेळ. आपल्या लगोरीची आठवण यावी असा. त्यात जोराने फेकणाऱ्यापेक्षा हळुवार फेकणारा बाजी मारी.

डिसेंबर १८९१ ची २१ तारीख. नेस्मिथने कॉलेजच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. शिपाई म्हणाला, खोकी नाहीत, पीच फळांच्या दोन टोपल्या आहेत. त्याच टोपल्या त्याने सज्जाच्या कठड्याला खिळ्यांनी ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. जगभर आज बास्केटबॉलचे कडे दहा फुटांवर असते, त्याचे कारण तो कठडा! तेरा नियम टाइप करून भिंतीवर लावले. वर्गात अठरा जण, म्हणून एकेका बाजूला नऊ. टोपलीला बूड होते. चेंडू आत पडला की शिडी लावून काढायचा. त्या दिवशी तो एकदाच पडला. पण ज्या वर्गाला शिक्षक कंटाळले होते, तो वर्ग आता खेळ थांबवायला तयार होईना.

हे तेरा नियम वाचले, की शिक्षकाचा हात ओळखू येतो. धक्का देणे, धरणे, पाय घालणे मना. असा अपराध दुसऱ्यांदा केला, तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसायचे. एका बाजूने ओळीने तीन अपराध केले, तर समोरच्यांना एक गोल फुकट. म्हणजे दांडगाईचा तोटा एकट्याला नाही, साऱ्या संघाला.

नाताळच्या सुटीत विद्यार्थी घरोघर गेले, खेळही त्यांच्याबरोबर गेला. जानेवारी १८९२ मध्ये कॉलेजच्या पत्रात नियम छापून आले. मार्चमध्ये शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा सामना लोकांसमोर झाला आणि विद्यार्थ्यांनी मास्तरांना ५-१ असे हरवले! त्याच वर्षी जवळच्या नॉर्दम्प्टनमधील स्मिथ कॉलेज या मुलींच्या कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने हा खेळ नेला आणि मुलींना झेपेल असे नियम केले. धावपळीचे खेळ मुलींना सोसत नाहीत, असे मानण्याचा तो काळ. मार्च १८९३ मध्ये तिथे मुलींचा सामना झाला, तेव्हा पुरुषांना आत प्रवेश नव्हता.

आता व्हॉलीबॉलकडे येऊ. स्प्रिंगफील्डलाच शिकलेला विल्यम मॉर्गन जवळच्या होल्योक गावी व्यायामशिक्षक झाला. त्याच्याकडे येत ते दुकानदार, कारखानदार, चाळिशी उलटलेले लोक. बास्केटबॉलची पळापळ त्यांना झेपेना. १८९५ मध्ये मॉर्गनने साडेसहा फुटांवर जाळी बांधली आणि दोन्ही बाजूंना माणसे उभी केली. अंगाला अंग लागायचा प्रश्नच मिटला. पुढच्या वर्षी स्प्रिंगफीलडच्या एका परिषदेत त्याने खेळ दाखवला आणि तिथे त्याला व्हॉलीबॉल हे नाव मिळाले.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे खेळ पट्टीच्या खेळाडूंसाठी निघाले नाहीत. पहिला निघाला कंटाळलेल्या अठरा जणांसाठी, तो बदलला गेला मुलींसाठी आणि दुसरा निघाला वय झालेल्या गृहस्थांसाठी. जे खेळाबाहेर राहिले, त्यांच्याकडे या शिक्षकांनी पाहिले. आपल्या शाळांत पुष्कळदा काय होते? संघातली दहा-बारा मुले खेळतात आणि बाकीची त्यांचे कपडे सांभाळीत कडेला बसतात. ढाल जिंकली, की व्यायामाचे काम झाले असे आपण समजतो. नेस्मिथचीच गोष्ट घ्या. पुढे तो कॅन्सस विद्यापीठात गेला. तिथल्या बास्केटबॉल संघाने त्याच्या काळात ५५ सामने जिंकले आणि ६० हरले! ढालींच्या हिशेबाने हा गृहस्थ नापासच म्हणायचा.

आपल्या देशाशी या कॉलेजचा धागा आहे. स्प्रिंगफील्डला तयार झालेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला व्यायामशिक्षणाचे कॉलेज काढले आणि तिथून व्यायामशिक्षक देशभर गेले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथम स्थान मिळाले. हा खेळ शिकवणाऱ्यांनी वर्गणी काढून वृद्ध नेस्मिथला तिकडे पाठवले. अंतिम सामना उघड्यावर, पावसाने चिखल झालेल्या मैदानात झाला. त्याच प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही बर्लिनला होते आणि त्याने आपले देशी खेळ व व्यायाम जगाला दाखवले. ते मंडळही १९१४ साली काही ध्येयवेड्या माणसांनी लहान प्रमाणावरच सुरू केलेले. कबड्डीला आशियाई स्पर्धेत पदकाचा मान मिळायला मात्र १९९० साल उजाडावे लागले.

नेस्मिथ १९३९ मध्ये वारला. खेळातून पैसा करण्याचा उद्योग त्याने केला नाही. ती शाळा आज स्प्रिंगफील्ड कॉलेज या नावाने चालू आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, मैदान नाही, साहित्य नाही, ही आपली तक्रार खरीच आहे आणि ती वर सांगितलीही पाहिजे. पण उद्याच्या खेळाच्या तासाला एवढे करून पाहा. कडेला बसलेली मुले मोजा. ती का बसली आहेत ते त्यांना विचारा. त्यांना घेता येईल असा एखादा नियम आपल्या खेळात बदला, तो फळ्यावर लिहा आणि सर्वांना सारखा लावा. टोपली गावात मिळतेच.