व्हॅल्कर बेटाजवळील आरमारी झुंज

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची गोष्ट निघाली कीं सॅराटोगा व यॉर्कटाउन हीं नांवें प्रथम ओठांवर येतात. परंतु सॅराटोगाचा जय ज्या पराभवाच्या पोटीं जन्मास आला, त्याचें स्मरण सहसा कोणास होत नाहीं. तो पराभव समुद्रावर झाला नाहीं. एका गोड्या पाण्याच्या सरोवरांत झाला.

चँप्लेन सरोवर कॅनडाच्या सीमेपासून दक्षिणेकडे लांबट पसरलेलें आहे. भोंवतालच्या अरण्यांत सैन्यास धड रस्ता नव्हता. पाणी हाच रस्ता. हें सरोवर व हडसन नदी इंग्रजांच्या हातीं पडती, तर न्यू इंग्लंडच्या वसाहती इतरांपासून तुटत्या. कॅनडाचे गव्हर्नर सर गाय कार्लटन यांचा बेत तोच होता. परंतु वाटेंत रिशेल्यू नदीचे खळाळ आडवे येत. म्हणून ‘इन्फ्लेक्सिबल’ हें तीन डोलकाठ्यांचें जहाज सुटें करून वर नेलें व सेंट जॉन्स येथें २८ दिवसांत पुन्हां उभें केलें. इकडे स्केन्सबरो येथें अमेरिकनांनीं सपाट तळाच्या तोफनौका घाईघाईनें बांधल्या. त्यांवरील बहुतेकांस दर्यावर्दीपणाचा गंधही नव्हता. त्यांचा नायक बेनेडिक्ट आर्नोल्ड मात्र व्यापारी गलबतें घेऊन वेस्ट इंडीजपर्यंत गेलेला होता.

११ ऑक्टोबर १७७६ रोजीं आर्नोल्डनें आपलीं पंधरा गलबतें व्हॅल्कर बेट व पश्चिम किनारा यांमधील चिंचोळ्या पाण्यांत दडवून ठेविलीं. उत्तरेच्या वाऱ्यानें इंग्रज पुढें निघून गेले. मग मोठ्या जहाजांना वाऱ्याविरुद्ध माघारें वळणें जड गेलें. तरी सायंकाळपर्यंत अमेरिकनांची ‘फिलाडेल्फिया’ बुडाली. त्यापूर्वींच ‘रॉयल सॅव्हेज’ खडकांत रुतून तिच्यावरील आर्नोल्डचे कागदपत्र गेले होते. रात्रीं वल्ह्यांना फडकीं गुंडाळून, प्रत्येक गलबताच्या मागें झांकलेला कंदील लावून, उरलेला तांडा शत्रूच्या कडेनें निसटला. १३ तारखेस तो गांठला गेला, तेव्हां आर्नोल्डनें उरलींसुरलीं कांहीं गलबतें किनाऱ्यास लावून स्वतःच्या हातानें जाळलीं.

आरमार संपलें, पण इंग्रजांचा उन्हाळा जहाजें बांधण्यांतच सरला होता. हिंवाळा तोंडावर येतांच कार्लटन कॅनडास परतले. पुढल्या वर्षीं बर्गॉइन त्याच वाटेनें उतरला व १७ ऑक्टोबर १७७७ रोजीं सॅराटोगास शरण गेला. आरमारी इतिहासकार महान यांनीं या पराभवाची योग्यता फार थोर मानली आहे. पुढें १७८० त आर्नोल्ड इंग्रजांस फितूर झाला. मग त्याचे गुण गातांना देशबांधवांची जीभ अडखळली, तर नवल काय!

कागद बुडाले तरी सरोवरानेंच दफ्तर जपून ठेविलें. लांकूड पोखरणारा समुद्री किडा गोड्या पाण्यांत नसतो. १९३५ सालीं लोरेन्झो हॅग्लंड यांनीं ‘फिलाडेल्फिया’ वर काढली, तेव्हां इंग्रजी तोफेचा गोळा तिच्या फळ्यांत रुतलेलाच होता. ती आतां वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत आहे. तिची जोडीदार ‘स्पिटफायर’ १९९७ त सांपडली. ती अजून तळाशींच उभी असून तिच्या नाळेवरील तोफ जागची हललेली नाहीं.